कौसाबाई आणि तांबडा

जेवायला बसलो की पहिला घास मी अजूनही खिडकीच्या उजेडाकडे धरून बघतो. बायको म्हणते, "माझ्या स्वयंपाकावर विश्वास नाही का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आठवड्यातून एकदा हे वाक्य ऐकावंच लागतं. तिला कितीदा सांगितलं, यात तुझ्या हाताचा काही दोष नाही, ही खोड मला कौसाबाईंनी लावली. त्यावर ती म्हणते, मग त्यांनाच बोलवा वाढायला. कौसाबाई येणार असत्या तर मी गाडी पाठवली असती.

उमापूरच्या पुढे, कच्च्या रस्त्यावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत माझी पहिली नेमणूक झाली. शाळेत जो मास्तर सगळ्यात नवा असतो त्याच्या गळ्यात पोषण आहाराचं रजिस्टर पडतं. माझ्याही पडलं, आणि रजिस्टरबरोबर खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाई साळवे आल्या. उंच, काटक, पदर कमरेला असा घट्ट खोचलेला की दिवसभर तो सुटलेला मी कधी पाहिला नाही. शिक्षण चौथी. बीडच्या एसटी स्टँडवर घेतलेला एक चष्मा त्यांच्याकडे होता. तो त्या वाचायला लावत नसत, फक्त तांदूळ निवडायला लावत.

वाढायची त्यांची एक रीत होती. पळी पातेल्यातून वर आली की थेट ताटात जायची नाही. आधी ती दाराच्या उजेडात धरायच्या, भात किंचित हलवायच्या, दाण्यांवरून नजर फिरवायच्या आणि मग वाढायच्या. दर पळीला. दीडशे पोरं, म्हणजे दीडशे वेळा. मागची पोरं ओरडायची, "मावशी, वाढा की लवकर." कौसाबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं.

"बघून वाढते. तुमी बी बघून खावा."

हेडसर वैतागायचे. मधली सुट्टी संपून जायची आणि निम्मी पोरं हात चाटत वर्गात यायची. मलाही वाटायचं, बाई जरा अतीच करतात. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला, अंगात आगाऊपणा भरपूर. एकदा म्हणालो, "मावशी, एखादा किडा गेला पोटात तर काय बिघडतं? उलट ताकदच येते."

त्यांनी पळी खाली ठेवली. "गुरुजी, तुमच्या घरच्या भातात किडा निघाला तर लोक म्हनतेत तांदूळ किडका हाय. माझ्या हातच्या भातात निघाला तर तांदळाला कुनी नाव ठेवनार न्हाई. मला ठेवतील."

तेव्हा माझं लक्ष व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडे गेलं. तिथे सातआठ पोरं घरचा डबा उघडून बसलेली असायची. कौसाबाई बौद्ध वस्तीतल्या. त्या स्वयंपाकाला लागल्यापासून गावातल्या चार घरची पोरं डबा आणायला लागली होती. कारण सांगितलं जायचं की पोट नाजूक आहे. चार घरांतल्या झाडून सगळ्या पोरांची पोटं एकाच महिन्यात नाजूक कशी झाली, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

तर कौसाबाईंच्या जिवाला लागलेली गोष्ट एवढीच होती. आपल्या हातून वाढलेल्या ताटात कधी किडा निघता कामा नये.

आणि त्यासाठी त्यांनी किड्यांचा जो अभ्यास केला होता, तो मी पदवी घेऊनही केला नव्हता. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझी शिकवणी घेतली. ताटात दोन किडे टाकले. "ह्यो सोंडा. बघा, तोंडाला सोंड हाय. ह्यो आक्खा दाना पोखरतो. आन् ह्यो तांबडा. ह्येला सोंड न्हाई, आक्ख्या दान्यावर ह्येचं काई चालत न्हाई. सोंड्यानं दाना फोडला, भुगा पडला, की ह्यो मागून येतो आन् भुगा खातो. पर सोंडा चारआठ दिवसांत आवरता येतो. तांबडा आवरत न्हाई."

तांबडा म्हणजे तांबूस तपकिरी, चपटा, तिळापेक्षा थोडा मोठा भुंगेरा. कृषी विभागाच्या पुस्तकात त्याला पिठातला तांबडा भुंगेरा म्हणतात. मी मोबाइलवर माहिती काढून त्यांना वाचून दाखवायला गेलो, तर प्रत्येक ओळीला त्या मान हलवत होत्या. मादी शेकड्यांनी अंडी घालते. "व्हय." अंड्यांना चिकट पाणी असतं, पिठाचे कण चिकटले की अंडी दिसत नाहीत. "म्हनून तर चाळनीतून खाली जातेत." दाटी झाली की हे किडे आपलीच अंडी खातात. "खातेत. म्या बघितलंय." मोठा झालेला भुंगेरा दोन-दोन, तीन-तीन वर्षं जगतो. इथे मात्र त्या थांबल्या.

"तीन वर्षं?" त्या म्हणाल्या. "म्हंजी मी इथं आले तवाचा एखांदा अजून आसंल."

त्यांचं नाक हा वेगळाच विषय होता. तांबडे वाढले की पिठाला, कणीला एक उग्र, नाकात चढणारा वास येतो आणि रंगही किंचित गुलाबीसर होतो. गोणीचं तोंड सुटायच्या आत कौसाबाई बाहेरूनच हुंगून सांगायच्या, हिच्यात आहेत, हिच्यात नाहीत. मी तीन-चारदा मुद्दाम परीक्षा घेतली. एकदाही चुकल्या नाहीत, आणि शेवटी मीच कंटाळलो.

एवढं करूनही व्हायचं ते झालं. गणपतीच्या आधी एका दुपारी तिसरीतल्या एका मुलीच्या ताटात तांबडा निघाला. एकच, शिजून फुगलेला. ती काही रडली नाही. तिने तो बोटाने उचलून शेजारणीला दाखवला, शेजारणीने पलीकडे, आणि संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीची बैठक बसली. अध्यक्ष होते अण्णा, गावातलं मोठं प्रस्थ, आणि डबा आणणाऱ्या चार घरांपैकी एक घर त्यांचं. त्यांची नात ईश्वरी तेव्हा पहिलीत होती. अण्णा आवाज न चढवता बोलायचे, त्यामुळे ते जास्त लागायचं. म्हणाले, "ह्याच्यासाठीच आमची पोरं घरचं खातेत. बाई बदला, विषय मिटला."

दाराशी उभ्या असलेल्या कौसाबाई आत आल्या. खुर्ची कुणी दिली नाही, त्यांनीही मागितली नाही.

"अण्णा, मला दिवाळीच्या सुट्टीपस्तोर टाइम द्या. तांबडा कुठून यायलाय ते मी समद्यांना दाखवते. न्हाई दाखवलं तर मला काढायची गरज न्हाई. मी आपनहून जाते."

"आन् तवर पोरांनी किडे खायचे का?"

"तवर दाना दाना हातानं निवडते. एक निघाला तर त्याच दिवशी जाते."

समितीने वेळ दिला. दिला म्हणजे, नाही म्हणायला कुणाला कारण सापडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या दोन तास आधी यायला लागल्या. व्हरांड्यात सतरंजी, त्यावर तांदूळ, डोळ्यांवर चष्मा. निवडून झालं की खरं काम सुरू व्हायचं. घरून त्यांनी लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या आणल्या. एकीत हाताने निवडलेले अख्खे, कोरडे दाणे. दुसरीत कणी आणि भुगा. दोन्हींत दहा-दहा तांबडे सोडले, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ मारायला सुरुवात केली.

पहिलीच गोष्ट त्यांनी दाखवली ती मला माहीत नव्हती. स्वच्छ काच तांबड्याला चढता येत नाही, घसरून पडतो. काचेला पिठाचा धुरळा बसला की मात्र आरामात चढतो. हे कळल्यावर त्या रोज सकाळी फडकं सोडून बरणीच्या आतली काच कोरड्या कापडाने पुसायच्या. महिना उलटला तेव्हा अख्ख्या दाण्यांच्या बरणीत दहा म्हातारे इकडून तिकडे फिरत होते. कणीच्या बरणीत अळ्या होत्या, कोश होते आणि नुकते निघालेले, अजून रंग न चढलेले फिकट भुंगेरे होते. भिंतीवर रेघा होत्या तीस आणि वर चार.

पण त्यांना पाहिजे होतं ते उत्तर यातून मिळत नव्हतं. तांबडा कशावर वाढतो हे कळलं, येतो कुठून हे कळलं नव्हतं. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गुरुजी, उमापूरला जाताव नव्हं? पोरी नखाला लावतेत ती बाटली आना एक. लाल नगं. लाल किड्यावर लाल काय दिसंल?"

मी तेव्हा बिनलग्नाचा. उमापूरच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानातल्या बायका आधी निघून जाऊ दिल्या, मग नेलपॉलिशची बाटली मागितली. दुकानदाराकडे पांढरी नव्हती, चंदेरी होती. त्याने बाटली कागदात गुंडाळली, डोळे मिचकावले आणि विचारलं, "कधीचा मुहूर्त हाय, मास्तर?" तिसऱ्या दिवशी हेडसरांनी पेढे मागितले. आठवड्याने गावाकडून आईचा फोन आला. एवढा गवगवा खऱ्या लग्नाच्या वेळीही झाला नाही.

कौसाबाईंनी तांबडे स्टीलच्या वाटीत घेतले आणि वाटी माठातल्या गार पाण्यावर तरंगत ठेवली. गारठले की किडे सुस्त होतात. मग खराट्याच्या काडीचं टोक बाटलीत बुडवून एकेकाच्या पाठीवर ठिपका दिला. काहींना एक, काहींना दोन. एका ठिपक्याचे त्यांनी शेजारच्या खोलीत, जिथे जुन्या रिकाम्या गोण्यांचा ढीग होता तिथे सोडले. त्यांचा सगळा संशय त्या ढिगावर होता.

"आणि दोन ठिपक्यांचे?"

"ते माझ्या चाळनीत."

चाळण म्हणजे तांदूळ चाळल्यावर खाली पडतो तो भुगा, कणी, कचरा. ती त्या रोज तांदळाच्या कोठीखोलीच्या मागे, भिंतीच्या कडेला टाकायच्या. त्यांच्या सासूने लावलेला नेम होता. चाळण चुलीत जाळायची नाही, रस्त्यात पायाखाली येऊ द्यायची नाही, ते अन्न आहे; भिंतीच्या कडेला टाकायची म्हणजे मुंग्या-चिमण्यांच्या तोंडी लागते. गावात घरोघरी हाच नेम होता.

मी म्हणालो, "ती तर मुंग्या खातात. तिथे कशाला?"

"समद्या जागा बघायच्या तर आपली सोडून कसं चालंल?"

आठ दिवसांनी सकाळी शाळेत आलो तर कौसाबाई सतरंजीवर बसून होत्या. चष्मा काढून हातात. समोर नव्या गोणीतला तांदूळ पसरलेला, आणि बाजूला वाटीत सात तांबडे. मी वाकून पाहिलं. पाठीवर चंदेरी ठिपके होते, आणि सातच्या सात पाठींवर दोन-दोन.

"भिंतीला खाली भेग हाय," त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळी बाहेर टाकते, ते भेगंतून आत येतेत. दोन वर्षं गुरुजी. दोन वर्षं मी त्येंना चाळून काढलं आन् दारात नेऊन सोडलं."

मला त्यांची दया आली, आणि दया आली की माणूस भलता सल्ला देतो. मी म्हणालो, "मावशी, हे सांगायची काही गरज नाही. गोण्या आल्या तेव्हाच किडक्या होत्या असं म्हणू. सोंडे तर त्यातूनच येतात, म्हणजे अगदीच खोटं होणार नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या. वर्गात नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं बघत होत्या.

"मी म्हनलं होतं, कुठून यायलाय ते दाखवते. आता दिसलं. दिसल्यावर लपवू कावून?"

दिवाळीच्या सुट्टीआधी बैठक झाली. कौसाबाईंनी टेबलावर दोन बरण्या ठेवल्या आणि ती वाटी ठेवली. अण्णांनी चष्मा लावला, वाटी जवळ ओढली आणि बराच वेळ बघत बसले. चंदेरी ठिपक्यांचे किडे त्यांनी जन्मात पाहिले नसणार. कौसाबाईंनी बरण्यांपासून भेगेपर्यंत सगळं सांगितलं, काही न वगळता.

"म्हंजी चूक तुझीच हाय," अण्णा म्हणाले.

"हाय. माझीच हाय."

मी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं.

"पर अण्णा, आता ती कुठं हाय ते मला ठाव हाय. दुसरी बाई आनली तर ती बी चाळन तिथंच टाकंल. तिच्या बी सासूनं तेच शिकवलं आसंल." त्या जरा थांबल्या. "तुमच्या घरी कुठं टाकतेत चाळन?"

समितीत दोन बाया होत्या. त्यातली एक तोंडाला पदर लावून हसली. अण्णांनी वाटी पुढे सरकवली, चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पत्र्याच्या कोठ्या किती लागतील?"

कोठ्या आल्या. भेग सिमेंटने बुजवली, गोण्या भिंतीपासून हातभर लांब फळ्यांवर गेल्या. कोठ्यांचा आतला पत्रा आठवड्याला कोरडा पुसायचा, धुरळा बसू द्यायचा नाही, म्हणजे तांबडा चढत नाही. हा नियम कौसाबाईंनी केला आणि स्वतःच पाळला. सासूचा नेमही मोडला नाही. चाळलेल्या भुग्यावर आधी उकळतं पाणी ओतायचं, मग तो मुंग्यांना टाकायचा. मी त्या शाळेत होतो तेवढी वर्षं एकाही ताटात पुन्हा किडा निघाला नाही. उजेडात पळी धरणं मात्र थांबलं नाही.

कणीची ती बरणीही त्यांनी ठेवली. मी पाचवीला कीटकाच्या चार अवस्था तिच्यावरच शिकवल्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी स्वयंपाकघरात जिवंत किड्यांची बरणी पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. कौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "हे कोंडलेले हायेत, साहेब. मोकळे दिसतेत का ते बघा." साहेबांनी कोठ्या उघडून, गोण्या हलवून अर्धा तास शोधलं. काही सापडलं नाही. जाताना त्यांनी रजिस्टरवर शेरा लिहिला, पण बरणीबद्दल काय लिहावं हे त्यांना सुचलं नसावं, कारण तिचा उल्लेख नव्हता.

बैठकीची गोष्ट गावभर झाली आणि एक नवाच प्रकार सुरू झाला. लोक पोरांबरोबर शाळेत पीठ पाठवायला लागले. कागदाच्या पुडीत ज्वारीचं, डब्यात बेसन, कधी रवा. "मावशी, आई म्हनली हुंगून सांगा." कौसाबाई हुंगायच्या आणि निकाल द्यायच्या. ठेवा. चाळा. टाकून द्या. डब्याची चारपैकी तीन घरंही पाठवायला लागली. त्यातल्या दोन घरांची पोरं पुढे हळूहळू ताट घेऊन रांगेतही आली. चौथं घर अण्णांचं.

तिथूनही एक दिवस वाटी आली. ईश्वरी घेऊन आली, वर रुमाल झाकलेला. तेव्हा ती तिसरीत होती. कौसाबाईंनी रुमाल उचलला, वास घेतला. "आईला म्हनावं, हे टाकून द्या. डबा धुऊन उन्हात कडक वाळवा आन् आतून पुसून घ्या." ईश्वरी मान हलवून गेली, आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला बसून तिने घरचा डबा उघडला.

मी भडकलो. कौसाबाईंना म्हणालो, "पिठाला तुमचं नाक चालतं आणि भाताला तुमचा हात चालत नाही. तुम्ही वाटी परत पाठवायची होती."

त्या कोठी पुसत होत्या. हात थांबला नाही.

"चिडू नका, गुरुजी. तांबडा बी एका दिसात जात न्हाई. वरचे काढले तरी भेगंत अंडी राहतेत. मानूस चिडला की पुसायचं राहून जातं."



माझी बदली घाटनांदूरकडे झाली तेव्हा ईश्वरी पाचवीत होती. शेवटच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, हेडसरांनी भाषणात नेलपॉलिशची आठवण काढली आणि सगळे हसले. मधल्या सुट्टीत मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. कौसाबाईंशी काहीतरी नीट बोलायचं मनात होतं, पण त्या वाढत होत्या आणि वाढताना त्या कुणाशी बोलत नसत.

रांग नेहमीसारखी सरकत होती. मी दिसेल तेवढं बघून घेत होतो. कमरेला खोचलेला पदर, पळी वर, दाराचा उजेड, दाण्यांवरून फिरणारी नजर, मग ताट. माझ्याशेजारी रांगेतला गलबला अचानक कमी झाला म्हणून मी वळलो. ईश्वरी रांगेत होती. हातात डबा नव्हता, शाळेचं ताट होतं. घरून सांगून आली होती की न सांगता, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे मी कुणाला विचारलंही नाही.

तिची पाळी आली. पुढची दोन पोरं वाढून घेऊनही तिथेच रेंगाळली होती. मला वाटलं, आता तरी कौसाबाई काही म्हणतील, निदान माझ्याकडे बघतील.

त्यांनी पळी पातेल्यात घातली, वर काढली, उजेडात धरली. भात किंचित हलवला, दाण्यांवरून नजर फिरवली. आधीच्या पोराला जेवढा वेळ लागला होता तेवढाच वेळ लावला. मग पळी ताटाकडे आणली. ईश्वरीच्या हातातलं ताट एका बाजूला कललं होतं.

"ताट सरळ धर," कौसाबाई म्हणाल्या. "सांडंल."